थकलेला मेंदू चुकीचे का ऐकतो? वैमानिकांच्या अनुभवातून रुग्ण आणि नातेवाइकांनी काय शिकावे

समजा, तुमच्या वडिलांना दवाखान्यात दाखल करून दोन रात्री झाल्या आहेत. दोन्ही रात्री तुम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी डिस्चार्ज मिळतो. सिस्टर घाईघाईत सांगतात, "रात्री जेवणाआधी इन्सुलिन सहा युनिट." तुम्ही मान हलवता. संध्याकाळी गावाकडे जाणाऱ्या एसटीत भाऊ फोनवर विचारतो, "किती युनिट द्यायचं?" तुम्ही उत्तर द्यायला जाता आणि अडखळता. सहा की दहा? दोन्ही आकडे तितकेच खरे वाटतात.

यात तुमचा निष्काळजीपणा नाही आणि कानातही दोष नाही. झोप न मिळालेला मेंदू असाच वागतो. हीच चूक विमानाच्या कॉकपिटमध्ये झाली तर शेकडो जीव जाऊ शकतात. म्हणून विमान वाहतूक क्षेत्राने थकवा आणि चुकीचे ऐकलेल्या सूचना या दोन गोष्टींचा गेली अनेक दशके बारकाईने अभ्यास केला आहे. तिथून निघालेले उपाय साधे आहेत. ते घरात, दवाखान्यात आणि रस्त्यावरही चालतात.

थकवा म्हणजे नेमके काय?

दिवसभर काम करून अंग दुखते तो स्नायूंचा थकवा. थोडे बसले, पाणी प्यायले, जेवले की तो उतरतो. मेंदूचा थकवा वेगळा असतो आणि त्यावर झोप हाच उपाय आहे. तो चार गोष्टींवर अवलंबून असतो.

१. किती तास सलग जागे आहात: सलग १७ तास जागरण झाल्यावर माणसाचे लक्ष आणि प्रतिसादाचा वेग, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. भारतात वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहानंतर गाडी चालवत असेल, तर दारूचा थेंबही न घेता तो त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा वागत असू शकतो.

२. झोपेची थकबाकी किती आहे: बहुतेक प्रौढांना रोज सात ते नऊ तास झोप लागते. रोज सहा तासच झोपणाऱ्यांची दोन आठवडे चाचणी घेतली, तेव्हा शेवटी त्यांची अवस्था एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली होती. काळजीची गोष्ट पुढेच आहे. त्यांना स्वतःला मात्र वाटत होते की आपल्याला सवय झाली आहे.

३. घड्याळात किती वाजले आहेत: शरीराचे आतले घड्याळ पहाटे दोन ते सहा या वेळेत सर्वांत मंद चालते. शरीराचे तापमान उतरते, जागरूकता घटते. वैमानिकांच्या कामाचे तास ठरवताना या वेळेचा वेगळा विचार केला जातो. दुपारी दोन ते चारच्या सुमारास अशीच, पण लहान उतरण येते.

४. नुकतेच झोपेतून उठला आहात का: गाढ झोपेतून उठल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटे मेंदू पूर्ण जागा झालेला नसतो. डोळे उघडे असतात, माणूस बोलतो, चालतो, पण निर्णय कच्चे असतात. कधी ही अवस्था त्याहून जास्त वेळही टिकते. झोपेची थकबाकी मोठी असेल आणि पहाटेची वेळ असेल तर ती अधिक तीव्र होते.

चुकीचे ऐकू येते, तेव्हा डोक्यात काय होते?

सूचना ऐकणे हे एक काम वाटते, पण त्यात तीन कामे असतात. आवाज कानावर पडणे, ऐकलेले काही सेकंद मनात धरून ठेवणे, आणि ते आधीच्या माहितीशी जुळते का हे तपासणे. थकव्यात कान नेहमीसारखेच चालतात. कमी पडतात ती पुढची दोन कामे.

मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. ताजेतवाने असताना फोन नंबर एकदा ऐकून लिहिता येतो. जागरणानंतर तोच नंबर दोनदा विचारावा लागतो. लांबलचक सूचनेतला मधला भाग गळतो. तीन गोळ्या सांगितल्या तर पहिली आणि शेवटची आठवते, मधली निसटते.

दुसरी गोष्ट अधिक धोकादायक आहे. जे ऐकू आले नाही ती जागा मेंदू रिकामी ठेवत नाही. सवयीने आणि अपेक्षेने तो ती भरून काढतो. तुम्हाला दहा युनिटची सवय असेल, तर सहा सांगितलेले दहा ऐकू येऊ शकते. "आठवड्यातून एकदा" हे शब्द "रोज एकदा" असे मनात बसू शकतात, कारण बहुतेक गोळ्या रोजच घ्यायच्या असतात. या भरलेल्या जागेवर "अंदाज" अशी चिठ्ठी लावलेली नसते. आपण हे प्रत्यक्ष ऐकले आहे, असेच आपल्याला वाटत राहते.

त्यात भर म्हणजे सूक्ष्म डुलकी. खूप थकलेल्या माणसाचा मेंदू काही सेकंद झोपतो. डोळे उघडे असले तरी त्या काळात बोललेले आत पोहोचत नाही. नंतर त्या माणसाला डुलकी लागल्याचे आठवतही नाही.

तीन दुर्घटना आणि त्यांचा धडा

मंगळूर, २२ मे २०१०. दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरत होते. विमानात १६६ जण होते. विमान धावपट्टीच्या टोकावरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ जण वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने अपघाताचा तपास केला. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपले होते, हे स्पष्ट झाले. उतरताना विमान ठरलेल्या मार्गापेक्षा उंचावर आणि जास्त वेगात होते. पुन्हा वर चला, असे सहवैमानिकाने तीनदा सुचवले. यंत्राचे धोक्याचे इशारेही वाजत होते. तरीही कॅप्टननी उतरणे थांबवले नाही. लांबलेली झोप आणि त्यानंतरची जडता हे अपघाताला हातभार लावणारे एक कारण म्हणून अहवालात नोंदवले गेले. यात शब्द चुकीचे ऐकले गेले असे नाही. ते कानावर पडले, पण निर्णयापर्यंत पोहोचले नाहीत. थकव्याचे हेही एक रूप आहे.

टेनेरीफ, २७ मार्च १९७७. स्पेनच्या या बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ जणांचा मृत्यू झाला. विमान वाहतुकीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी अपघाती जीवितहानी आहे. नियंत्रकाने केएलएमच्या वैमानिकांना उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता. उड्डाणाची परवानगी अजून दिली नव्हती. पण त्या संदेशात उड्डाण हा शब्द आला होता आणि कॅप्टननी विमान सोडले. "थांबा, मी सांगतो" हा नियंत्रकाचा संदेश जात असतानाच दुसऱ्या विमानातूनही बोलले गेले. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि महत्त्वाचे शब्द हरवले. दिवसभर खोळंबलेल्या केएलएमच्या वैमानिकांना कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जाण्याचीही चिंता होती. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टननी ती झटकून टाकली.

चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. हरियाणातल्या या गावाजवळ सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे विमान आकाशात धडकले. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते, पण ते त्याखाली उतरले. सौदी विमान १४,००० फुटांवर होते. चौकशीत परवानगीविना खाली येणे हे मुख्य कारण ठरले. कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी आणि संदेश फक्त रेडिओ चालवणाऱ्याने घेण्याची त्यांची पद्धत, हे मुद्देही पुढे आले. या अपघाताचा थकव्याशी संबंध जोडता येत नाही. पण सूचना एकाने ऐकायची आणि काम दुसऱ्याने करायचे, यातला धोका त्यातून कळतो. दवाखान्यात सूचना मुलगा ऐकतो आणि घरी गोळ्या सून देते, तेव्हा नेमके हेच घडत असते.

विमान क्षेत्राने त्यावर काय केले?

"आणखी काळजी घ्या" एवढे सांगून ते थांबले नाहीत. माणूस थकणार आणि चुकणार हे गृहीत धरून पद्धतच बदलली.

• सूचना परत म्हणून दाखवणे: उंची, दिशा, धावपट्टी अशी महत्त्वाची सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणायची. नियंत्रकाने ती लक्षपूर्वक ऐकून चूक असल्यास तिथेच दुरुस्त करायची. नुसते "ओके" चालत नाही. ही साखळी दोन्ही बाजूंनी पूर्ण व्हावी लागते, कारण नियंत्रकही थकलेला असू शकतो.

• आकड्यांचे ठरलेले उच्चार: इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन रेडिओवर सारखे ऐकू येतात. म्हणून वैमानिक "फाइफ" आणि "नायनर" म्हणतात. दिशेसारखे आकडे एकेक अंक सुटा करून सांगतात.

• धोक्याचा शब्द राखून ठेवणे: टेनेरीफनंतर "टेक ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक झाला.

• कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे: सहवैमानिकाने न घाबरता शंका सांगावी आणि कॅप्टनने ती ऐकावी, याचे आता नियमित प्रशिक्षण दिले जाते.

• विश्रांतीचा कायदा: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांसाठी नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. रात्रीची वेळ मध्यरात्री १२ ते पहाटे ६ अशी धरण्यात आली आणि रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची संख्या दोनवर आणली. हे नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा याच नियमांची चर्चा घरोघरी झाली. प्रवाशांचे हाल झाले हे खरे. पण या नियमांमागचे वैद्यकीय कारण पक्के आहे. झोपेला पर्याय नाही.

आपल्या बीड जिल्ह्यात हा थकवा कोठे दिसतो?

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. प्रवासी विमानासाठी आपण छत्रपती संभाजीनगरला जातो. पण रात्रीचे काम आणि अपुरी झोप आपल्याकडे घरोघरी आहे.

ऊसतोडीचा हंगाम आठवा. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर तोड, मोळ्या बांधणे, आणि ट्रक किंवा ट्रॅक्टर रात्री कितीही वाजता आला तरी तो भरून द्यायचा. बाईला त्याआधी आणि त्यानंतर स्वयंपाक, पाणी, लेकरे आहेतच. महिनोन् महिने चार-पाच तासांची तुटक झोप मिळते. हा आळस नव्हे, ही साठलेली थकबाकी आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री हाकणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते.

परळीच्या औष्णिक वीज केंद्रातील पाळीचे कामगार, धुळे–सोलापूर महामार्गावरचे ट्रकचालक, रात्रीच्या गाड्यांचे एसटी चालक-वाहक, दवाखान्यातील सिस्टर आणि निवासी डॉक्टर, रात्री वीज येते म्हणून पिकाला पाणी द्यायला जाणारे शेतकरी, या सर्वांना हेच लागू होते. आणि आंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात चादर अंथरून रात्र काढणारा नातेवाईकही याच रांगेत आहे. त्याची ड्युटी कोणी ठरवत नाही आणि त्याला साप्ताहिक सुटीही नसते.

स्वतःचा थकवा कसा ओळखावा?

थकलेल्या माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकतो. म्हणून "मला काही होत नाही" या वाक्यावर विसंबू नका. पुढील खुणा पाहा:

• एकच वाक्य दोनदा विचारावे लागते, किंवा वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते.
• गेल्या काही किलोमीटरचा रस्ता आठवत नाही.
• डोळे जड होतात, सारख्या जांभया येतात, मान एकदम खाली जाते.
• क्षुल्लक गोष्टीवर चिडचिड होते, कोणी शंका विचारली की राग येतो.
• सोपा हिशेब चुकतो, वस्तू कोठे ठेवली ते विसरते.

यातल्या दोन-तीन खुणा दिसत असतील, तर औषधाचे डोस ठरवणे, वाहन चालवणे, कागदावर सही करणे अशी कामे थोडी झोप घेईपर्यंत दुसऱ्याकडे द्या.

दवाखान्यात सूचना घेताना काय करावे?

१. परत म्हणून दाखवा. "डॉक्टरसाहेब, मी परत सांगतो, बरोबर आहे का बघा. ही पांढरी गोळी सकाळी जेवणानंतर एक, ही रात्री अर्धी." असे म्हणण्यात कमीपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना हे आवडते, कारण त्यांचीही चूक यातून सापडते.

२. आकडा सुटा करून विचारा. मराठीत सहा-दहा, सात-साठ, पंचवीस-पस्तीस, एकोणतीस-एकोणचाळीस हे आकडे गोंगाटात सारखे ऐकू येतात. "पंचवीस, म्हणजे दोन आणि पाच?" असे विचारा. शक्य तर कागदावर आकड्यात लिहून घ्या.

३. "रोज की आठवड्यातून?" हे आवर्जून विचारा. संधिवात किंवा सोरायसिससाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. कोणत्या वारी घ्यायची, तो वार पाकिटावर लिहून ठेवा.

४. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज जुळवा. ४० आणि १०० अशा दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण सहसा लाल आणि १०० साठीचे नारिंगी असते. टोपणाच्या रंगावरच न थांबता सिरिंजवरचा आकडा वाचा. दोन्हीची अदलाबदल झाली तर युनिट बरोबर मोजूनही डोस चुकतो.

५. जो गोळ्या देणार आहे, त्यानेच ऐकावे. ते शक्य नसेल तर डिस्चार्जच्या वेळी त्या व्यक्तीला फोन लावून स्पीकरवर ठेवा.

६. जागरण झालेल्याने एकट्याने सूचना घेऊ नये. घरातून ताजेतवाने असलेले दुसरे माणूस बोलावून घ्या. दोघांना वेगवेगळे आठवले, तर अंदाज न लावता दवाखान्यात फोन करा.

७. लहानाची शंका ऐका. "आजोबांची गोळी काल अर्धी होती ना?" असे नातीने विचारले, तर तिला गप्प बसवू नका. कागद काढून बघा.

इन्सुलिन चुकून जास्त गेले असेल तर: घाम येणे, थरथर, धडधड, एकदम भूक, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. लक्षणे नसली तरी चुकीचा डोस गेल्याचे डॉक्टरांना लगेच कळवा, कारण साखर काही तासांनीही उतरू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ वर फोन करा.

गाडी चालवताना झोप येत असेल तर?

ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी चार सेकंदांच्या डुलकीत सुमारे ६५ मीटर पुढे जाते, आणि त्या वेळी ती कोणीच चालवत नसते. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखू मळणे यांनी काही मिनिटांपुरते बरे वाटते, झोप जात नाही.

सुरक्षित जागी गाडी थांबवा. चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच १५ ते २० मिनिटे डोळे मिटा. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर लगेच गाडी काढू नका. दहा-पंधरा मिनिटे चाला, तोंड धुवा, मग निघा. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांच्या नियोजित विश्रांतीत त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि त्यानंतर त्यांची जागरूकता स्पष्टपणे सुधारली. अशी डुलकी आजचे संकट टाळते. रात्रीची पूर्ण झोप मात्र ती भरून देत नाही.

सर्दी-खोकल्याची आणि अॅलर्जीची अनेक औषधे, झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या यांनी गुंगी येते. औषध घेताना "मी रात्री गाडी चालवतो" हे डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना आधी सांगा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुरेशी झोप घेऊनही दोन-तीन आठवडे थकवा जात नसेल, तर तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉइडचा आजार, मधुमेह, क्षयरोग, नैराश्य यांपैकी काहीही कारण असू शकते. ऊसतोडीवरून परतलेल्या बायकांमध्ये रक्त कमी असण्याची शक्यता विशेष लक्षात घ्यावी.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा कोठेही डोळा लागणे ही झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची लक्षणे आहेत. यात माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण झोप सारखी तुटते. घोरणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याने डॉक्टरांना सांगावे. झोपेची चाचणी करून निदान होते. वजन कमी करणे आणि झोपताना हवेच्या दाबाचे मशीन लावणे यांनी खूप फरक पडतो. चालकांनी हे अजिबात टाळू नये.

नीट झोप झालेली असतानाही सतत "काय म्हणालात?" विचारावे लागत असेल, तर कान तपासा. कानात मळ साठणे किंवा यंत्रांच्या आवाजाने ऐकण्याची शक्ती कमी होणे अशी कारणे असू शकतात.

तातडीची खूण: एखाद्याला अचानक बोललेले समजेनासे झाले, शब्द अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो थकवा समजून झोपवू नका. हा पक्षाघात असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. १०८ वर फोन करा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मग विमानाने प्रवास करायला घाबरावे का?
नाही. प्रवासी विमान हे आजही अत्यंत सुरक्षित वाहन आहे. त्याचे एक कारण असे की तिथे झालेली प्रत्येक मोठी चूक तपासली जाते आणि पद्धत बदलली जाते. दवाखान्याकडे जाताना रस्त्यावरच्या झोपाळू चालकाचा धोका त्याहून जास्त आहे.

रविवारी भरपूर झोपले तर आठवड्याची झोप भरून निघते का?
थोडी निघते, पूर्ण नाही. रोज ठरावीक वेळी झोपणे आणि उठणे जास्त उपयोगी पडते.

रात्रपाळी करणाऱ्यांनी काय करावे?
घरी आल्यावर मोबाइल न पाहता अंधाऱ्या, शांत खोलीत झोपा. घरच्यांनी त्या वेळेत पाहुणे, फोन, टीव्ही यांना आवर घालावा. पाळीला जाण्याआधी तासभर झोप मिळाली तर पहाट सोपी जाते.

रुग्णाजवळ कोणी तरी जागे राहिलेच पाहिजे ना?
हो, पण तेच माणूस रोज नको. नातेवाइकांनी पाळ्या लावाव्यात आणि पाळी बदलताना काय झाले, कोणते औषध दिले, पुढे कधी द्यायचे हे वहीत लिहून सोपवावे.

लक्षात ठेवा

थकलेल्या माणसाला आपण चुकीचे ऐकले हे कळत नाही. त्यामुळे "लक्ष देऊन ऐकतो" हा निश्चय पुरत नाही. आधी झोप घ्या. ते शक्य नसेल तर सूचना परत म्हणून दाखवा, आकडा लिहून घ्या आणि दुसऱ्या माणसाला सोबत ठेवा. आज रात्रीचा डोस सहा की दहा, याबद्दल जराही शंका असेल तर अंदाजाने इन्सुलिन देऊ नका. डिस्चार्ज कार्ड काढून वाचा, आणि तरी उलगडा झाला नाही तर दवाखान्यात फोन करून विचारा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या औषधांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.